नदीकांठचीं रानबदकें : त्यांची ओळख व शेतीशीं संबंध

सातबाऱ्याच्या उताऱ्यांत लागवडीलायक क्षेत्र लिहून झालें म्हणजे पोटखराब्याचें क्षेत्र निराळें लिहिण्याची वहिवाट आहे. नाला, खडक, ओहोळ, पाणथळ वगैरे ज्या तुकड्यांत पीक येत नाहीं, ते हिशेबांतून जवळजवळ उठतात. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं हे आंकडे वर्षानुवर्षें उतरविले. आकारणीच्या दृष्टीनें ही रीत योग्यच आहे; परंतु ज्यांत पीक येत नाहीं तें निरुपयोगी, असा अर्थ तींतून काढणें योग्य नव्हे. नदीकांठची पाणथळ जमीन पुराचें पाणी सामावून घेते, गाळ धरते, विहिरींचा पाझर टिकविते आणि असंख्य जीवांस पोसते. या शेवटच्या कामाची डोळ्यांस दिसणारी खूण म्हणजे तेथें राहणारीं व हिवाळ्यांत उतरणारीं रानबदकें होत. तीं कोणतीं, कोठून येतात, काय खातात, पिकांस त्यांचा उपद्रव होतो कीं काय, आणि होत असल्यास शेतकऱ्यानें काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल आम्ही नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर हें ठिकाण घेतों. तेथें जें घडतें, तें कमीअधिक प्रमाणांत आपल्या प्रांतांतील पुष्कळ नद्यांच्या व बंधाऱ्यांच्या कांठीं घडत असतें.

पाणथळ कशी झाली

ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी व दिंडोरीकडून येणारी कादवा यांचा संगम निफाड तालुक्यांत नांदूर मध्यमेश्वर येथें होतो. इ. स. १९०७ च्या सुमारास येथें बंधारा घालण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. वरच्या बाजूच्या दारणा धरणांतून सोडलेलें पाणी येथें अडवावें व डाव्या-उजव्या कालव्यांनीं कोपरगांव-राहात्याकडील जमिनीस पोंचवावें, हा त्या कामाचा हेतु. पक्ष्यांचा विचार त्यांत कोणीं केला नव्हता. परंतु बंधारा फार उंच नसल्यामुळें पाणी खोल न सांचतां आडवें पसरलें. दोन नद्यांनीं आणलेला गाळ शंभरांहून अधिक वर्षें त्यांत बसत राहिला, आणि त्या गाळाचीं बेटें, उथळ डबकीं, लव्हाळ्याचे व पाणकणसाचे पट्टे आणि कांठची झाडी अशी निरनिराळी रचना आपोआप तयार झाली. सभोंवारचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील कोरडा. त्यामुळें या ओलाव्याकडे पांखरांची ओढ अधिकच लागली.

सुमारें १०० चौरस किलोमीटर क्षेत्रास १९८६ सालीं पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. लोक या ठिकाणास ‘महाराष्ट्राचें भरतपूर’ म्हणतात. पुढें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी १९७१ च्या रामसर येथील करारान्वयें ठेवली जाते, तींत याचा समावेश होऊन महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून तें २०२० च्या जानेवारींत जाहीर झालें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. बदकास पाणी किती आहे यापेक्षां तें किती उथळ आहे याचें महत्त्व अधिक असतें. खोल धरणाच्या मध्यभागीं बदकें विश्रांतीस बसतील, परंतु त्यांचें पोट भरतें तें कांठच्या हात-सव्वा हात पाण्यांत. पावसाळा सरून पाणी ओसरूं लागलें म्हणजे रोज थोडा थोडा चिखल उघडा पडतो. त्यांत गवताचें बीं, पाणवनस्पतींचे कंद, गोगलगाई व किडे हाताशीं येतात. ज्या गाळास आपण गाळपेरीची जमीन म्हणतों, तोच गाळ बदकांचें कोठार होय. शेतकरी व बदक यांचा संबंध येथेंच जुळतो आणि कधीं कधीं तंटाही येथेंच उद्भवतो.

खाण्याच्या रीतीवरून दोन वर्ग

बदकांच्या जाती अनेक असल्या तरी खाण्याच्या रीतीवरून त्यांचे दोन वर्ग सहज पडतात. पहिला वर्ग डोकें पाण्यांत घालून शेंपटी वर करणाऱ्यांचा. हीं बदकें बुडी सहसा मारीत नाहींत. मान पोंचेल तेवढ्या खोलीवरचेंच अन्न घेतात, आणि उडावयाचें झाल्यास पाण्यावरून एकदम सरळ वर उठतात. दुसरा वर्ग पाणबुड्यांचा. लालसरी व शेंडी बदक या वर्गांत येतात. तीं पूर्ण बुडी मारून तळाशीं जातात, आणि उडण्यापूर्वीं पाण्यावर पाय मारीत कांहीं अंतर धांवतात. खोल पाण्यांत दुसरा वर्ग व उथळ पाण्यांत पहिला, अशी वांटणी असल्यामुळें एकाच तलावांत दोघांचाही निर्वाह होतो.

बारमाही राहणारीं बदकें

(१) हळदी-कुंकू बदक. चोंचेच्या टोंकास पिवळा ठिपका व बुडाशीं तांबडा ठिपका, यावरून हें सुंदर नांव पडलें आहे. आकार गांवठी बदकाएवढा, रंग खवल्याखवल्यांचा तपकिरी. पावसाळ्याच्या सुमारास कांठच्या दाट गवतांत जमिनीवरच घरटें करतें व सात ते नऊ अंडीं घालतें. जमिनीवरील घरटें असल्यामुळें कांठचें गवत जाळल्यास किंवा कुत्रीं मोकाट सोडल्यास याची वीण बुडते.

(२) अडई. तांबूस-तपकिरी रंगाची, लांब मानेची व लांब पायांची. उडतांना शिटी वाजविल्यासारखा आवाज करते, म्हणून न पाहतांही ओळखतां येते. झाडाच्या ढोलींत घरटें करण्याकडे तिचा कल असतो. रात्रीं चरते; दिवसा थव्यानें पाण्यावर किंवा कांठच्या झाडावर बसून राहते.

(३) नकटा. आकारानें मोठा, पाठ काळी व चकाकणारी, डोकें पांढरें व त्यावर काळे ठिपके. नराच्या चोंचेवर मांसल उंचवटा असतो व विणीच्या दिवसांत तो फुगतो. हाही ढोलींतच घरटें करतो.

(४) काणूक. आपल्याकडील बदकांत सर्वांत लहान. नराचें अंग पांढरें, पाठ हिरवट-काळी, चोंच आखूड. हें देखील ढोलीचें रहिवासी.

यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. चारांपैकीं तीन जातींस जुनें, पोकळ झाड लागतें. बांधावरचें किंवा नदीकांठचें वठलेलें झाड सरपणास तोडणें हा शेतकऱ्याचा रोजचा व्यवहार असला, तरी पाण्याजवळचें असें एखादें झाड राखून ठेवल्यास खर्च कांहींच येत नाहीं, आणि पक्ष्यांचें बिऱ्हाड मात्र टिकतें.

हिवाळी पाहुणे

सप्टेंबरपासून उत्तरेकडील बदकें येऊं लागतात. लहानसें भुवई बदक बहुधा सर्वांच्या आधीं येतें. त्याच्या नराच्या डोळ्यावरून मागें जाणारी पांढरी रेघ हीच त्याची खूण. पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लांब टोंकदार शेंपटीचें तलवार बदक आणि रुंद, फावड्यासारख्या चोंचेचा थापट्या हे येतात. थापट्याच्या चोंचेच्या कडांस कंगव्यासारखे बारीक दांते असतात. तो चोंच पाण्याला लावून पुढें सरकतो. पाणी कडांनीं बाहेर जातें व बारीक जीव आणि बीं आंत राहतें. पीठ चाळण्याचीच ही युक्ति, फक्त कोंड्याऐवजीं पाणी टाकावयाचें.

चक्रवाक, ज्यास कोणी ब्राह्मणी बदक म्हणतात, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. भगव्या रंगाचा, डोकें फिकट, जोडीनें राहणारा. रात्रीं हें जोडपें विलग होऊन एकमेकांस हांका मारीत राहतें, असा आपल्या जुन्या कवींचा संकेत आहे. हा पक्षी रात्रींही चरतो व दूरवरून आवाज देतो, एवढा भाग प्रत्यक्षांतला. त्याचीं अंडीं-पिलें लडाख, तिबेट व मध्य आशियांत होतात. तिकडूनच कांहीं वर्षीं पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसाच्या जातीचा पक्षी, हिमालय ओलांडून येतो. तलवार व थापट्या यांचा मुलूख आणखी उत्तरेस, सैबेरियापर्यंत पसरलेला आहे. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं घालून सोडण्याचें काम अनेक वर्षें केलें. आपल्या देशांत कडीं घातलेलीं बदकें पुढें रशियाच्या मुलुखांत सांपडलीं, तेव्हां या प्रवासाचा लेखी पुरावा मिळाला. मार्च-एप्रिलांत हे पाहुणे परततात.

नवशिक्याची एक अडचण सांगून ठेवतों. वीण संपल्यावर उत्तरेकडील नर बदकें आपलीं रंगीत पिसें टाकतात व कांहीं काळ मादीसारखीं मळकट दिसतात. त्यामुळें सप्टेंबर-ऑक्टोबरांत आलेल्या थव्यांत नर नाहींतच असें वाटतें. डिसेंबरांत तोच थवा पाहावा, म्हणजे ओळख सोपी होते.

तसेंच पाण्यावर पोहणारा प्रत्येक पक्षी बदक नव्हे. काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा वारकरी, वारंवार बुडी मारणारी इवलीशी टिबुकली, पंख वाळवीत बसणारा पाणकावळा आणि निळी-जांभळी पाणकोंबडी हीं सर्व निराळ्या कुळांतलीं होत. कांठच्या कोंवळ्या पिकांत शिरून जांभळी पाणकोंबडी जें नुकसान करते, त्याचा आळ पुष्कळदां बदकांवर येतो.

पिकांस उपद्रव किती

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. निफाड तालुक्याचीं नांवाजलेलीं पिकें द्राक्ष व कांदा. या दोहोंस बदकांपासून भय नाहीं. उंसासही नाहीं. भय आहे तें गहूं व हरभरा यांच्या कोंवळ्या रोपांस, आणि जेथें भात होतो तेथें भातास. त्यांतही सर्व बदकें दोषी नाहींत. थापट्या, लालसरी, शेंडी बदक हीं पाण्यांतच पोट भरतात. शेतांत उतरून चरणारे मुख्यतः चक्रवाक व पट्टकदंब; भाताच्या दाण्यावर येणारीं अडई, तलवार, भुवई व हळदी-कुंकू.

गव्हाचें रोप लहान असतां वरचा पाला खाल्ला गेला तर तें पुन्हां फुटतें, कारण त्या वेळीं वाढीचा कोंब जमिनीलगत सुरक्षित असतो. परंतु ओल्या भुसभुशीत जमिनींत रोप मुळासकट उपटलें गेलें, तर ती जागा रिकामी राहते. म्हणून दुरून पिवळा पट्टा दिसला एवढ्यावर नुकसान ठरवूं नये. पंचनामा करावा तशी पाहणी करावी. सूर्योदयास शेतांत जावें. पडद्याच्या पायांचे ठसे आहेत कीं रानडुकराच्या खुरांचे, हें पाहावें. मग उपद्रव झालेल्या भागांत दहा ठिकाणीं ओळीची एकेक मीटर लांबी मोजून उभीं रोपें मोजावीं, आणि तशींच दहा ठिकाणें चांगल्या भागांत मोजावीं. दोहोंतील फरक हें खरें नुकसान. आठ-दहा दिवसांनीं पुन्हां मोजल्यास फूट किती आली हेंही कळतें. असा कागद हातीं असला म्हणजे वन खात्याकडे गाऱ्हाणें सांगतांनाही आपलें म्हणणें वजनदार होतें.

उपाय पुढीलप्रमाणें करावे. गहूं फोकून न पेरतां पाभरीनें पेरावा व बीं नीट झांकलें जाईल असें करावें; उघडें बीं हेंच पक्ष्यांस पहिलें आमंत्रण होय. पाण्यालगतच्या शेतांत रात्रभर पाणी तुंबूं देऊं नये. तुंबलेल्या पाण्यास बदक डबकें समजतें. पेरणीनंतरचा पहिला महिना जपण्याचा. त्या काळांत सायंकाळीं व पहांटे फेरी मारावी, चमकती पट्टी बांधावी, डबा वाजवावा. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनीं बदलावी, नाहींतर पक्षी त्यास सरावतात. पाणी व पीक यांमध्यें गवताचा एक पट्टा पडित ठेवल्यास पुष्कळ पक्षी तेथेंच चरून परततात, आणि शेतांतून वाहून जाणारी माती व खत तेथें अडतें, हा दुसरा लाभ.

विष, कायदा व रोग

कांहीं ठिकाणीं दाण्यांस कीटकनाशक चोळून तें कांठावर पसरतात. हें कृत्य केवळ क्रूर नव्हे तर स्वतःच्या मुळावर येणारें आहे. विष खाल्लेलें बदक तेथेंच पडतें असें नाहीं. तें पाण्यांत मरतें, घार-गिधाडें व कुत्रीं तें खातात, आणि कोणी तें पकडून शिजविलें तर विष माणसाच्या ताटांत येतें. हेतुपूर्वक विष न घालतांही अपघात होतो. कार्बोफ्युरानसारखें दाणेदार औषध पांखरास बियांसारखें दिसतें, व त्याचा एक दाणादेखील चिमणीएवढ्या जीवाचा प्राण घेतो. असें औषध मातीआड करावें, सांडलेलें गोळा करावें, आणि फवाऱ्याचें भांडें व रिकाम्या बाटल्या नदींत धुऊं नयेत.

कायदाही या बाबतींत स्पष्ट आहे. एके काळीं बदकांची शिकार हा मोठ्या लोकांचा खेळ होता. १९३८ सालीं भरतपूर येथें व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. आज तो काळ राहिला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानबदकें मारणें, जाळ्यांत धरणें, त्यांचीं अंडीं उचलणें हा गुन्हा आहे. विष घालणें हेंही शिकारींतच मोडतें. शेत अभयारण्याच्या हद्दीबाहेर असलें तरी यांतून सुटका नाहीं.

कोंबड्या किंवा बदकें पाळणाऱ्यांनीं आणखी एक सावधगिरी घ्यावी. रानबदकांच्या अंगीं बर्ड फ्लूचे विषाणु असूं शकतात व तीं स्वतः आजारी न दिसतां ते वाहून नेऊं शकतात. २००६ सालीं नवापूर येथें व २०२१ सालीं परभणी जिल्ह्यांत कोंबड्यांत हा रोग आढळला, तेव्हां त्या मारून पुराव्या लागल्या. पाळीव पक्षी रानबदकांच्या पाण्यावर सोडूं नयेत. एकाच जागीं अनेक पक्षी मेलेले दिसल्यास उघड्या हातानें उचलूं नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस व वन खात्यास कळवावें.

पाण्याची स्थिति

बदकांवरील मोठें संकट मात्र बंदुकीचें अगर जाळ्याचें नसून पाण्याचें आहे. वरच्या शहरांतील सांडपाणी गोदावरींत येतें, त्यांत आपल्या शेतांतून वाहून गेलेल्या खतांची भर पडते, आणि या पोषणावर जलपर्णी माजते. तिनें पाण्याचा पृष्ठभाग झांकला म्हणजे खालीं उजेड जात नाहीं, पाणवनस्पति मरतात, पाण्यांतील प्राणवायु घटतो, मासे कमी होतात, आणि बदकांस उतरण्यास जागा उरत नाहीं. हीच जलपर्णी पाणी उपसण्याच्या पंपांतही अडकते, तेव्हां तें संकट पक्ष्यांचें तसें आपलेंही आहे. गांवानें एकत्र येऊन ती फुलावर येण्यापूर्वीं काढावी. फुलून बीं पडल्यावर काढली तर तें बीं चिखलांत राहून पुन्हां उगवतें.

गाळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरीस मोठे पूर येऊन सायखेडें व चांदोरी या गांवांत पाणी शिरलें. बंधाऱ्यांतील गाळामुळें पाणी मागें तुंबतें, सबब गाळ काढावा, अशी वरच्या गांवांची मागणी आहे. ज्यांच्या घरांत पाणी शिरलें त्यांस पक्ष्यांचें माहात्म्य सांगत बसणें शोभत नाहीं. उलट, सरसकट सर्व गाळ उपसल्यास उथळ कांठ नाहींसा होईल आणि बदकांबरोबर पूर पसरण्याची जागाही जाईल. आमच्या मतें नदीचा मुख्य प्रवाह मोकळा करणें व कांठचे उथळ भाग राखणें या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून विचार व्हावा. कोठें उपसावें व कोठें राखावें हें नकाशावर ठरवितां येतें. त्या नकाशासमोर पाटबंधारे खातें, वन खातें व गांवकरी हे तिघेही एकाच वेळीं बसले पाहिजेत.

सारांश असा कीं, रानबदकें हीं शेतकऱ्याचीं शत्रु नव्हेत. कांहीं जाती, कांहीं पिकांस, वर्षांतील कांहीं आठवडे उपद्रव देतात. तो मोजतां येतो व आटोक्यांतही ठेवतां येतो. बाकीचा सर्व काळ तीं आपल्या पाण्याची साक्ष देत असतात. ज्या पाण्यावर पूर्वीं दहा जाती उतरत तेथें दोनच उतरूं लागल्या, तर त्या पाण्यांत कांहीं तरी बिघडलें आहे असें समजावें व आपल्या विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. ज्या सभासदांच्या जमिनी नदीकांठीं आहेत त्यांनीं येत्या हिवाळ्यांत पंधरा दिवसांतून एकदां, एकाच जागेवरून, सकाळच्या वेळीं दिसलेल्या जाती व अदमासें संख्या वहींत टिपून ठेवावी. पावसाचा व पिकाचा आंकडा आपण ठेवतोंच. त्याशेजारीं हा एक रकाना वाढविणें जड नाहीं. चार-पांच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर आपल्या पोटखराब्यांत काय पिकतें हें प्रत्येकास आपल्याच हस्ताक्षरांत वाचतां येईल.